एका आकड्याचा हट्ट

फेब्रुवारी २०२०मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्यात तीन हजार टनांहून जास्त सोने सापडल्याची बातमी देशभर झळकली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लगेच खुलासा केला. धातुक ५२,८०६.२५ टन, त्यात दर टनाला सरासरी ३.०३ ग्रॅम सोने, म्हणजे सगळे मिळून सुमारे १६० किलो. खोटी बातमी मागे पडली, खरा आकडा कळला आणि लोकांनी विषय संपवला. मला मात्र त्या खुलाशातले दशांशचिन्हापुढचे दोन अंक अजून खुपतात. जमिनीखालच्या न दिसणाऱ्या खडकाचा अंदाज पाव टनापर्यंत नेमका कसा असेल? लांबी, जाडी, खोली आणि घनता यांचा गुणाकार केला की दशांश हवे तितके मिळतात. पण त्या गुणाकारातली लांबी आणि खोली कुणीतरी आखलेल्या रेषेवरून घेतलेली असते. ती रेषा दुसऱ्या माणसाने दुसरीकडून आखली असती तर? हा प्रश्न त्या वेळी कुणी विचारला नाही आणि आजही क्वचितच कुणी विचारतो.

हा दोष एका संस्थेचा नाही. खनिजाच्या धंद्यातल्या आम्हा सगळ्यांची ही सवय आहे, आणि तिच्यामागे एक ठाम मत उभे आहे. ते मत मी सरकारी बैठकांत ऐकतो, कंपन्यांच्या सादरीकरणात ऐकतो, तरुण भूवैज्ञानिकांच्या तोंडूनही ऐकू लागलो आहे. ते असे: साठा किती, याचे उत्तर एकच असले पाहिजे. खडकांच्या सीमा कुठे आखायच्या हा भूवैज्ञानिकाच्या मनाचा खेळ आहे, खरे शास्त्र त्यानंतरच्या संख्याशास्त्रात आहे. शंका उरलीच तर आणखी बोअरहोल घ्यावेत, शंका जाईल. जी काही अनिश्चितता शिल्लक राहते ती साठ्याच्या वर्गवारीत आलेलीच असते. आणि ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असे सांगणे म्हणजे जबाबदारी टाळणे, गुंतवणूकदाराला पळवून लावणे. या मताचा एकही भाग तपासणीत टिकत नाही.

आधी मुळात काम कसे चालते ते पाहू. खनिजाचा अंदाज बांधताना सगळे नमुने एकत्र करून सरासरी काढत नाहीत. एकसारख्या खडकाचे, एकसारख्या जडणघडणीचे भाग वेगळे करतात. या भागांना डोमेन म्हणतात. प्रत्येक डोमेनभोवती त्रिमितीत एक भिंत उभी केली जाते. आतल्या नमुन्यांवरून आतल्या खडकाची प्रत, म्हणजे त्यातले खनिजाचे प्रमाण, ठरते; बाहेरच्यांना तिथे प्रवेश नसतो. भिंतीच्या आतल्या जागेचे छोटे ठोकळे पाडून प्रत्येक ठोकळ्याला प्रत दिली की झाले ब्लॉक मॉडेल. अहवालातला एकूण आकडा याच मॉडेलमधून निघतो. म्हणजे किती टन, हे मुख्यतः भिंत ठरवते. संख्याशास्त्र त्यानंतर येते.

आता पहिला मुद्दा घ्या: रेषा मनाची, गणित वस्तुनिष्ठ. आज सर्वत्र वापरली जाणारी क्रिगिंगची पद्धत दक्षिण आफ्रिकेतले खाण अभियंता डॅनी क्रिग यांच्या १९५१च्या कामातून निघाली आणि फ्रान्समध्ये जॉर्ज माथेरॉन यांनी तिला गणिताचा पाया दिला. पद्धत उत्तम आहे. ती प्रत्येक ठोकळ्याला प्रत देते, त्याबरोबर त्या अंदाजातली त्रुटीही देते. ही त्रुटी कशावर ठरते? नमुने एकमेकांपासून किती दूर आहेत, कसे मांडले आहेत, आणि अंतर वाढेल तशी प्रत किती बदलते हे दाखवणारा व्हेरिओग्राम काय सांगतो, यावर. भिंत बरोबर जागी आहे का, हा प्रश्न त्या सूत्रात कुठेच नाही. भिंत बरोबर आहे हे गृहीत धरूनच गणित सुरू होते. शेताचा बांध कुठे आहे यावरच तंटा चालू असताना एकरी उतारा किलोपर्यंत मोजून दाखवावा, तसा हा प्रकार आहे. मोजणी चुकीची नाही, पण ज्यावर तंटा आहे ते तिने मोजलेलेच नाही.

आणि भिंत उभी करण्याचे काम किती अवघड असते, हे ज्यांनी कोअरची पेटी जवळून पाहिली नाही त्यांना कसे कळावे? नागपूर, भंडारा आणि बालाघाट या पट्ट्यातले मँगनीज घ्या. हे मूळचे समुद्रतळावरचे थर. पुढे उष्णता आणि दाबाने त्यांचे रूपांतर झाले, त्यांना एकदा नव्हे तर अनेकदा वली पडल्या. ड्रिलमधून निघालेला दगडाचा दंडगोल पेटीत ओळीने मांडलेला असतो. वरच्या ओळीत करडा शिस्ट. खाली गुलाबीसर गार्नेट आणि क्वार्ट्झचा गोंडाइट. त्यात हळूहळू काळ्या, पोलादी चकाकीच्या ब्राउनाइट या मँगनीज खनिजाच्या पट्ट्या दिसू लागतात. आधी बोटभर, मग चार बोटे, मग हातभर सलग काळे. नंतर पुन्हा गोंडाइट, पुन्हा काळे. धातुक कुठे सुरू झाले? खडूने रेघ मारायला हात उचलला की एक मीटर वर मारायची की एक मीटर खाली, हे ठरवावेच लागते. दोन अनुभवी भूवैज्ञानिक वेगवेगळ्या ठिकाणी रेघ मारतील आणि दोघांकडेही कारण असेल. चार मीटर जाडीच्या थरात एक मीटरचा फरक म्हणजे पाव साठा. ही रेघ मनाचा खेळ असती तर ती खोडून टाकून गणिताने सुरुवात करता आली असती. पण तिच्यावाचून गणिताला सुरुवातच नाही.

काही जण इथे शॉर्टकट घेतात. ते म्हणतात, खडक बघायलाच नको, प्रतीवरून भिंत आखा. अमुक टक्क्यांच्या वरचे सगळे नमुने आत, बाकीचे बाहेर. मग अहवालात लिहितात की या डोमेनमध्ये नमुन्यांची विखुरणी कमी आहे, म्हणून डोमेन चांगले. कमी असणारच. कमी प्रतीचे नमुने तुम्हीच बाहेर काढलेत. स्वतः तयार केलेल्या एकसारखेपणाला खडकाचा एकसारखेपणा समजायचे आणि त्यालाच पुरावा म्हणून मांडायचे, हे चक्रीय तर्काचे उदाहरण आहे. खाणीत मात्र पट्ट्यापट्ट्यांचा खडक एकत्रच फुटतो. बाहेर ठेवलेला गरीब दगड उत्खननात आत येतो आणि कागदावरची प्रत गिरणीत मिळत नाही.

गणित वस्तुनिष्ठ असते तर त्याच नमुन्यांवरून दोन जाणकार उलट निष्कर्षावर आले नसते. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या ब्रुसजॅक प्रकल्पात २०१३मध्ये हेच घडले. स्नोडेन या सल्लागार कंपनीने लाखो औंस सोन्याचा अंदाज दिला होता. दहा हजार टनांच्या मोठ्या नमुन्याच्या कामावर नेमलेल्या स्ट्रॅथकोनाने, म्हणजे इंडोनेशियातला ब्रे-एक्सचा घोटाळा १९९७मध्ये उघड करणाऱ्या कंपनीने, तिथे वैध म्हणावा असा साठाच नाही असे सांगून काम सोडले. पुढे त्या नमुन्यातून अपेक्षित चार हजार औंसांपेक्षा जास्त सोने निघाले आणि २०१७मध्ये खाण सुरूही झाली. त्या वेळी कोण बरोबर होते, हा इथे प्रश्न नाही. दोन्ही बाजूंना आकडेमोड येत होती, तरी बोअरहोलच्या दरम्यान सोने कसे पसरले आहे याचे चित्र दोघांचे वेगळे होते. जिथे इतक्या नावाजलेल्या दोन संस्थांत शून्य आणि लाखो औंस इतका फरक पडतो, तिथे एकाच संस्थेचा एकच आकडा दशांशापर्यंत छापणे कुठल्या शास्त्रात बसते?

दुसरा मुद्दा: आणखी बोअरहोल घ्या, शंका मिटेल. सामान्य जाडीचा कोअर पाच सेंटिमीटरहूनही कमी व्यासाचा असतो. पन्नास मीटरच्या जाळ्यात बोअरहोल घेतले तर प्रत्येक छिद्र सुमारे चौदा लाख पट मोठ्या खडकाच्या वतीने बोलते. जाळे पंचवीस मीटरवर आणले तरी साडेतीन लाख पट. उरलेला खडक कुणीच पाहिलेला नसतो. तो जोडायचा कसा, हे प्रत्येक वेळी भूवैज्ञानिकच ठरवतो.

एक साधे गणित करून पाहा. दोन बोअरहोल शंभर मीटर अंतरावर आहेत. दोघांत चार-चार मीटर जाडीचे मँगनीज लागले, प्रत दोन्हीकडे सारखीच, समजा ३५ टक्के. दोन्ही तुकडे एकाच थराचे मानले तर मधला सगळा भाग साठ्यात येतो: शंभर मीटर लांब, चार मीटर जाड, पट्ट्याच्या दिशेने पन्नास मीटर धरले आणि घनता ३.५ मानली तर ७०,००० टन. पण ते दोन वेगवेगळ्या भिंगाकार खनिजपिंडांचे भाग असतील आणि प्रत्येक पिंड पंचवीस मीटरवर संपत असेल, तर ३५,००० टन. नेमका निम्मा फरक. दोन्ही चित्रांत प्रत तीच आहे, नमुने तेच आहेत, प्रयोगशाळेचा अहवाल तोच आहे. फरक फक्त एका रेषेचा आहे. वली पडलेल्या थरात तिसरीही शक्यता असते: ते दोन तुकडे एकाच वलीच्या दोन बाजू असतील आणि थर मधेच वळून परत आला असेल. प्रस्तरभंगाने थर सरकला असेल ही चौथी. यातले खरे कोणते, हे तिसरा बोअरहोल कदाचित सांगेल. पण तो घेईपर्यंत अहवालात काय छापायचे? आजच्या रिवाजाप्रमाणे ७०,००० किंवा ३५,०००, दोन्हींपैकी एक, आणि दुसरी शक्यता कपाटात.

ही कपाटातली शक्यता पुढे काय करते ते ओंटारिओतल्या रेड लेकच्या फिनिक्स प्रकल्पाने दाखवले आहे. रुबिकॉन मिनरल्सच्या या सोन्याच्या प्रकल्पाचा २०१३चा अंदाज असा होता: इंडिकेटेड म्हणजे बऱ्यापैकी खात्रीच्या वर्गात सुमारे ११ लाख २९ हजार औंस, आणि इन्फर्ड म्हणजे कमी खात्रीच्या वर्गात सुमारे २२ लाख १९ हजार औंस. जमिनीखाली बोगदे गेले, गिरणी उभी राहिली, चाचणी उत्खनन सुरू झाले. नोव्हेंबर २०१५मध्ये खाणीतले काम थांबवावे लागले. जानेवारी २०१६मध्ये नवा अंदाज आला: इंडिकेटेड सुमारे १ लाख ६ हजार औंस, इन्फर्ड सुमारे ३ लाख. खात्रीच्या वर्गातले ९१ टक्के सोने कागदावरून नाहीसे झाले. २०१६ संपायच्या आत कंपनीला धनकोंपासून न्यायालयीन संरक्षण मागावे लागले.

ब्रे-एक्समध्ये नमुन्यांत बाहेरून सोने मिसळले होते. फिनिक्समध्ये तसे काही नव्हते. नमुने खरे होते. बदलले ते खनिजाच्या सलगतेविषयीचे चित्र. शेकडो बोअरहोल घेऊनही ते चित्र उलटू शकते. मग बोअरहोल वाढवले की शंका जाते, हे कुठल्या अनुभवावरून म्हणायचे? बोअरहोल घ्यावेत, जरूर घ्यावेत. पण शंका फिटण्याची वाट पाहत ती लपवून ठेवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

तिसरा मुद्दा वर्गवारीचा. मेजर्ड, इंडिकेटेड, इन्फर्ड किंवा आपल्याकडे जी-१ ते जी-४ या पातळ्या अनिश्चितता सांगतातच, असे म्हणतात. त्या सांगतात ते एवढेच की खात्री जास्त आहे की कमी. किती कमी, हे त्या सांगत नाहीत. व्यवहारात वर्ग ठरतो तो मुख्यतः बोअरहोलमधल्या अंतरावरून. अंतर हे अनिश्चिततेचे एक कारण आहे, एकमेव नाही. सपाट पसरलेल्या कोळशाच्या थरात शंभर मीटर अंतर पुरेसे असेल, मुरडलेल्या सोन्याच्या शिरेत वीस मीटरही अपुरे पडेल. फिनिक्सचे ११ लाख औंस इंडिकेटेड वर्गातच होते. त्या शिक्क्याने कुणाला वाचवले?

चौथा मुद्दा सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतो: ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असे सांगितले तर पैसा येणार नाही, आणि प्रशासनाला एकच आकडा लागतो. पैशाचे म्हणाल तर तेल आणि वायूच्या उद्योगात कितीतरी वर्षे कमी, मध्यम आणि जास्त असे तीन अंदाज मांडण्याची रीत आहे. खनिज उद्योगाला लाजवेल इतके भांडवल त्या उद्योगात जाते. गुंतवणूकदार अनिश्चिततेला भीत नाही. आपल्याला अनिश्चितता सांगितलीच नव्हती, हे उशिरा कळले की तो पळतो आणि परत येत नाही.

प्रशासनाचा मुद्दा मी एवढाच मानतो की शुल्काच्या हिशेबाला एक मधला आकडा लागतो. पण त्या आकड्यावर काय काय अवलंबून आहे ते पाहा. २०१५नंतरच्या लिलाव नियमांप्रमाणे खाणपट्ट्यासाठी साठ्याच्या अंदाजित मूल्याच्या ०.५ टक्के आगाऊ रक्कम भरावी लागते. बोली लावणाऱ्याची पात्रताही त्याच मूल्यावर ठरते. २०२१पासून तर जी-४ पातळीवरच्या, म्हणजे अगदी प्राथमिक शोध झालेल्या गटांचाही संमिश्र परवान्यासाठी लिलाव करता येतो. आकडा जितका कच्चा, तितकी त्याच्या दोन्ही बाजू सांगण्याची गरज मोठी. आपण नेमके उलट करतो.

रियासीचे उदाहरण पाहा. फेब्रुवारी २०२३मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यातल्या सलाल-हैमना भागात ५९ लाख टन लिथियमचा साठा जाहीर झाला. तो इन्फर्ड होता, जी-३ पातळीचा होता, हे अधिकृत निवेदनात लिहिलेले होते. पण जनतेपर्यंत पोचला तो आकडा. त्याच्या शेजारी चिली आणि ऑस्ट्रेलियाचे आकडे मांडून भारताची क्रमवारी लावली गेली. नंतर तो गट दोनदा लिलावाला काढला, दोन्ही वेळा लिलाव रद्द करावा लागला. तिथे साठा नाही असे मी म्हणत नाही. पण बोली लावणाऱ्याला सर्वात मोठ्या आकड्याने काय करायचे? खनिजयुक्त थराची सीमा कुठे आहे, ती किती डळमळीत आहे, आणि वाईटातल्या वाईट चित्रात हाती काय लागेल, हे त्याला हवे असते. ते त्याला मिळाले असते तर त्याला निर्णय घेता आला असता. एका आकड्याने उत्साह निर्माण होतो, पण त्यावर खाण उभी राहत नाही.

आणि हा आकडा फक्त बोली लावणाऱ्याचा नसतो. त्यावर जमीन घेतली जाते, जंगलाच्या परवानग्या मागितल्या जातात, गावांना पंचवीस-तीस वर्षांच्या रोजगाराची आश्वासने दिली जातात. गडचिरोलीच्या किंवा सिंधुदुर्गाच्या एखाद्या गावाला खाण किती वर्षे चालेल हे सांगताना, ती त्याच्या निम्मीही चालू शकते ही शक्यता आमच्या कपाटात होती, असे नंतर सांगणे हा अन्याय आहे. शास्त्रीय नाही, सरळ माणुसकीचा.

शेवटी वेळ आणि खर्चाची सबब. पूर्वी कागदावर छेद काढून हाताने भिंती जोडाव्या लागत, दुसरे चित्र काढायला आठवडे जात. आता सॉफ्टवेअर बोअरहोलची माहिती घेऊन काही तासांत त्रिमितीय पृष्ठभाग तयार करते. थराचा कल बदला, सलगतेचे अंतर बदला, दुसरे मॉडेल तयार. म्हणून आज दुसरे मॉडेल न काढण्याला कारण उरलेले नाही. उलट, हेच सॉफ्टवेअर आधीच ठरलेल्या सेटिंगवर सोडले तर सगळीकडे गुळगुळीत गोळे काढते, आणि पडद्यावर ते इतके सुबक दिसते की ते कुणाचे तरी मत आहे हेच विसरले जाते. यंत्राने काढलेली रेषाही कुणीतरी निवडलेल्या आकड्यांवरच निघालेली असते. त्या निवडीची जबाबदारी माणसाचीच राहते.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. साठ्याच्या प्रत्येक सार्वजनिक अहवालात किमान तीन डोमेन मॉडेल असली पाहिजेत: सलगता जास्तीत जास्त मानणारे, कमीत कमी मानणारे, आणि भूवैज्ञानिकाला सर्वात पटणारे. तिन्हींचे टन आणि तिन्हींची प्रत एकाच तक्त्यात, पहिल्या पानावर आली पाहिजे. कुठली सीमा का निवडली, आणि कुठली का नाकारली, हे नावानिशी लिहिले पाहिजे. कोअरची मूळ नोंद आणि छायाचित्रे अहवालाबरोबर खुली असली पाहिजेत, म्हणजे दुसरा माणूस तीच रेषा तपासू शकेल. आणि खाण चालू झाल्यावर दरवर्षी मॉडेलने काय सांगितले आणि खाणीतून काय निघाले, याचा ताळमेळ प्रसिद्ध झाला पाहिजे. भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय नागपुरात आहे, खनिज शोधाचे काम करणारी एमईसीएल नागपुरात आहे, देशातले सर्वात मोठे मँगनीज उत्पादक मॉइल नागपुरात आहे. हे सुरू करायला यापेक्षा योग्य शहर देशात दुसरे नाही.

जमिनीखाली किती खनिज आहे, हे कुणालाच नेमके माहीत नसते. ते माहीत असल्याचा आव आणणारा अहवाल कितीही दशांशांनी सजवला तरी तो अपुराच राहतो. भूवैज्ञानिकाचे काम एक आकडा सांगण्याचे नाही. खडकाने किती शक्यता मोकळ्या ठेवल्या आहेत आणि त्यांतली प्रत्येक किती पैसा, किती जमीन आणि किती माणसे पणाला लावते, हे सांगण्याचे आहे. जो हे सांगत नाही त्याने साठा मोजलेला नाही, आपले मत मोजले आहे. अशा मतावर यापुढे कुणाची जमीन, कुणाचा पैसा आणि कुणाचे भविष्य ठरता कामा नये.